दुर्बिणीने किडनीचा कॅन्सर अर्धवटच निघतो?

'कॅन्सर आहे तर पोट उघडूनच काढा, दुर्बिणीने गाठ मागे राहते,' असा फॉरवर्ड वर्षानुवर्षे फिरतोय. शंका स्वाभाविक आहे. एवढ्याशा भोकांतून अख्खी किडनी येणार कशी?

ती भोकांतून ओढतच नाहीत. आत रक्तवाहिन्या बंद करून किडनी सुटी करतात, पिशवीत घालतात आणि एक छेद थोडा वाढवून बहुधा अखंड बाहेर काढतात. म्हणजे कापायचं तेवढंच, वाट वेगळी. ही पद्धत 1990 पासून आहे. गाठ किडनीपुरती असेल तर कॅन्सरवरचा परिणाम दोन्हींत जवळपास सारखा. दुर्बिणीत दुखणं आणि रक्तस्राव मात्र कमी.

तरी उघडी शस्त्रक्रिया कालबाह्य नाही. गाठ फार मोठी असेल किंवा मुख्य शिरेत शिरली असेल, तर अनेकदा तीच बरी. उलट 4 सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीत खरा प्रश्न फक्त गाठ काढून बाकी किडनी वाचवता येईल का, हा असतो.

खात्री करायची तर ऑपरेशननंतर काढलेल्या भागाच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये 'मार्जिन' शोधा. 'निगेटिव्ह' म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर दिसला नाही. ऑपरेशनआधी सर्जनना विचारा: सीटी स्कॅनमध्ये गाठ कुठे आहे, आणि हीच पद्धत का?