मागचा आरसा आणि पुढची काच

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्यानं फर्मान सोडलं, "काका, एखादा जबरदस्त रोड मूव्ही लावा." मी हौसेनं मॉन्टी हेलमनचा 'टू-लेन ब्लॅकटॉप' लावला, १९७१ सालचा. एक करडी, धड रंगही न दिलेली १९५५ची शेवरोले आणि समोर कोरी करकरीत जीटीओ गाडी. दोघांची पैज लागते : वॉशिंग्टनला जो आधी पोचेल त्याला दुसऱ्याची गाडी. पोरगा सरसावून बसला. पाऊण तासानं मात्र त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. "काका, शर्यत लावली ना यांनी? मग हे सारखे खायला काऊन थांबून राहिले?"

दुसऱ्या दिवशी मी १९६८चा 'बुलिट' लावला. पहिला तासभर तो मोबाइलमध्येच होता. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावर हिरवी मस्टँग गाडी हवेत उडाली आणि मोबाइल गादीवर पालथा पडला. अकराएक मिनिटांनी श्वास सोडून तो म्हणाला, "हा खरा रोड मूव्ही!"

नाही ना, बाबू. रोड मूव्ही कालचा होता. आज तू पाहिलास तो कार चेस, म्हणजे गाड्यांचा पाठलाग. घोळ होणं साहजिक आहे, कारण दोन्हीकडे गाडी, रस्ता, इंजिनाचा आवाज आणि कमी बोलणारा माणूस आहेच. शिवाय दोन्हींचा सुवर्णकाळही एकच, साधारण १९६८ ते १९७४. पण सावजी रस्सा आणि तर्री लांबून सारखीच लाल दिसते, फरक चाखून बघितलं की कळतो, तसा हा प्रकार आहे.

चेसमध्ये मोजायची गोष्ट एकच, दोघांमधलं अंतर. ते कमी झालं की आपण खुर्चीच्या कडेवर येतो, वाढलं की मागे टेकतो. रस्ता तिथे फक्त अडचणी पुरवायला असतो : वळण, उतार, मध्येच आलेली भाजीची गाडी. म्हणून चेसला मोटार लागतेच असंही नाही. 'शोले'त बसंतीचा टांगा पळतो आणि मागे गब्बरची माणसं घोड्यांवर येतात, तो अस्सल चेस आहे. धन्नोच्या टापा आणि मागच्या टापा यांच्यातलं अंतर आपण कानानं मोजत असतो.

रोड मूव्हीत मागे कोण आहे याला फारसं महत्त्व नसतं, शेजारच्या सीटवर कोण बसलंय याला असतं. इथेही मोटारीची सक्ती नाही. फ्रँक काप्राच्या १९३४च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये श्रीमंत बापाची पळालेली मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार रात्रीच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसतात, आणि त्या सीटच्या भांडणातून निघालेला सिनेमा ऑस्करची पाच मुख्य बक्षिसं घेऊन जातो. आपल्याकडे 'नवरा माझा नवसाचा' आठवा. मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एसटी वाटेत कुणाला ओव्हरटेक करते की नाही, याची कुणालाच पडलेली नसते. कंडक्टर अशोक सराफ आहे ना, झालं तर मग.

आणखी एक फरक आहे, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे. कार चेस हा बहुतेक वेळा एक प्रसंग असतो. रोड मूव्ही हा अख्खा सिनेमाच असतो. 'बुलिट'मधला चेस कापला तर मागे एक बऱ्यापैकी पोलिसी कथा उरेल. लुळी वाटेल, पण उरेल. 'टू-लेन ब्लॅकटॉप'मधून रस्ता काढा, मग काय उरतं? चार माणसं आणि हॉटेलातलं एक टेबल. आणि ती चार माणसं तशी बोलतही नाहीत.

तरी त्या अकरा मिनिटांवर जरा थांबायला हवं, कारण पुढच्या कित्येकांनी धडे घेतले ते तिथेच. सुरुवात संथ आहे. भाडोत्री मारेकऱ्यांची काळी डॉज चार्जर नायक स्टीव्ह मॅक्वीनच्या मस्टँगच्या मागावर आहे. तो त्यांना वळणावळणांत चकवतो, दिसेनासा होतो. ते गोंधळून इकडेतिकडे बघतात. आणि मग चार्जरच्या मागच्या आरशात मस्टँग हळूच वर येते. चढाच्या माथ्यावरून आधी टप, मग काच, मग तोंड. पाठलाग करणाराच आता सावज झालेला असतो, आणि एका शब्दाशिवाय हे आपल्याला कळतं. चार्जरचा ड्रायव्हर सीट बेल्ट लावतो. खट्ट. टायर किंचाळतात, आणि इतका वेळ चाललेलं लालो शिफ्रिनचं संगीत बंद पडतं. त्यापुढे फक्त इंजिनं. आजच्या दिग्दर्शकानं तिथे ढोल बडवले असते.

या सगळ्यात लबाडीही भरपूर आहे. तीच ती हिरवी फोक्सवॅगन बीटल ते पुन्हा पुन्हा ओव्हरटेक करतात, कारण एकच धाव वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली आहे. चार्जरच्या चाकांच्या वाट्या तर इतक्या निखळतात की गाडीला चाकं नक्की किती, असा प्रश्न पडावा. शहराचे रस्तेही असे जोडलेत की एका वळणात माणूस गावाच्या दुसऱ्या टोकाला निघतो. आपल्या नागपुरात कुणी इतवारीत डावीकडे वळून थेट फुटाळ्यावर निघाला तर अख्खं थिएटर हसेल, पण सॅन फ्रान्सिस्कोबाहेरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. संकलक फ्रँक केलरला या कामाचं ऑस्कर मिळालं आणि ते रास्त होतं. चेस रस्त्यावर चित्रित होतो खरा, पण घडतो संकलनाच्या टेबलावर.

नागपुरात 'बुलिट' काढता येणार नाही, हे दुःखानं मान्य करावं लागेल. आपल्याकडे उतारच नाहीत. सीताबर्डीची टेकडी आहे, पण तिच्यावर किल्ला आहे आणि किल्ल्यात लष्कर. बर्डीच्या मेन रोडवर रविवारी संध्याकाळी चेस करायचा तर दोघांनीही पायीच पळावं, लवकर पोचतील.

'द फ्रेंच कनेक्शन' मात्र काढता येईल, आणि अगदी झोकात. १९७१च्या त्या सिनेमात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात खांबांवरून धावणारी लोकल आहे. मारेकरी वर गाडीत, जीन हॅकमनचा पोलिस खाली, रस्त्यावर कुणाची तरी हिसकावलेली पाँटियाक घेऊन. वरच्या गाडीला सिग्नल नाही, ट्रॅफिक नाही. खालच्याला सगळंच आहे : खांब, बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडणारी बाई, आडवी येणारी मोटार. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिननं पुढे कबूल केलं की यातला काही भाग परवानगी न घेता, खऱ्याखुऱ्या रहदारीत चित्रित केला होता. आज कुणी करू नये. पण खांबांच्या सावल्या गाडीच्या काचेवरून सटासट सरकतात ना, त्या पाहताना मला हटकून आपला वर्धा रोड आठवतो. ३.१४ किलोमीटरचा तो दुमजली पूल, खाली रस्ता, मध्ये फ्लायओव्हर, वर मेट्रो. अजनी चौकाच्या सिग्नलला अडकून डोक्यावरून सरकणाऱ्या मेट्रोकडे बघताना आपण सगळेच थोडे थोडे हॅकमन असतो.

आता दुसरी बाजू. रोड मूव्हीचं सुख समजायला मला सिनेमा पुरला नाही, त्यासाठी समृद्धी महामार्ग लागला.

नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी बाबांना घेऊन शिर्डीला निघालो. नागपूरबाहेर शिवमडक्याला रस्त्यावर लागलो, मग सरळ, मग आणखी सरळ. ताशी १२० किलोमीटरची मर्यादा, ना सिग्नल, ना टपरी, तेव्हा तर धड हॉटेलंही नव्हती. चेसच्या दृष्टीनं हा रस्ता म्हणजे शुद्ध वाया गेलेला माल. लपायला गल्ली नाही, तर पाठलाग कशाचा? पण कारंजा लाड मागे पडल्यावर बाबा एकाएकी बोलायला लागले. एकोणिसाव्या वर्षी ते घरात न सांगता मुंबईला निघाले होते आणि भुसावळला उतरून, फलाटावर रात्र काढून परत आले होते. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. का उतरलात, असं विचारलं तर म्हणाले, "भूक लागली होती." आणि पुन्हा समोरच्या काचेतून बघत राहिले.

जेवणाच्या टेबलावर हे निघालं नसतं, कारण तिथे माणसं समोरासमोर असतात. गाडीत दोघंही एकाच दिशेला बघतात, नजर भिडवावी लागत नाही, आणि गप्प बसलं तरी ते अवघड होत नाही, कारण रस्ता चालू असतो. रोड मूव्हीनं ही गोष्ट बरोबर हेरली आहे. चेसमध्ये एका गाडीतली दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, बोलली तर "डावीकडे घे" एवढंच. रोड मूव्हीत कॅमेरा बॉनेटवर बसून आत बघतो, काचेवर झाडांचं प्रतिबिंब सरकतं आणि मागे दोन चेहरे असतात. दिग्दर्शक व्हिम वेंडर्सनं तर यावरच आयुष्य काढलं म्हणा. त्याच्या 'पॅरिस, टेक्सास'ला १९८४ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि त्यात बाप-मुलाची जोडी जुन्या पिकअपमधून निघते तेव्हा मला तरी शिर्डीचा रस्ता दिसतो.

(जाता जाता : 'ईझी रायडर' या रोड मूव्हीतल्या त्या लांब दांड्याच्या मोटारसायकली समृद्धीवर चालल्या नसत्या. दुचाकींना बंदी आहे. त्यातल्या पीटर फोंडाला शिवमडक्याहूनच परत पाठवलं असतं.)

गंमत होते ती या दोन्हींच्या सीमेवरच्या सिनेमांत. १९७१चा 'व्हॅनिशिंग पॉइंट' घ्या. कोवाल्स्की नावाचा माणूस पांढरी डॉज चॅलेंजर डेन्व्हरहून सॅन फ्रान्सिस्कोला पोचवायला निघतो आणि उद्या दुपारी तीनपर्यंत पोचतो, अशी पैज मारतो. पोलिस थांब म्हणतात, तो थांबत नाही. गुन्हा एवढाच. सिनेमाभर पोलिस मागे आहेत, म्हणजे चेसच झाला की! पण बघा, त्यांना तो वारंवार सहज हुलकावणी देतो, आणि सिनेमाला त्याचं काही वाटत नाही. सिनेमाला रस आहे तो वाळवंटात साप पकडणाऱ्या म्हाताऱ्यात, आणि रेडिओवरून कोवाल्स्कीशी बोलणाऱ्या आंधळ्या निवेदकात. कोवाल्स्कीच्या शेजारची सीट रिकामी आहे आणि तो रेडिओ तिथे बसलाय. माझ्या हिशेबानं हा रोड मूव्ही. उलट २०१५चा 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' दोन तास वाळवंटातून जातो आणि तिथूनच वळून परत येतो, तरी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चेसच. प्रसंगच ताणून अख्खा सिनेमा केलाय. मघाशी मांडलेला माझा नियम तिथे मोडतो, आणि मोडला याचा मला आनंदच आहे.

'ड्युएल'बद्दल मात्र माझं मत एका संध्याकाळी बदललं. स्टीव्हन स्पीलबर्गचा हा १९७१चा टीव्हीसाठी केलेला सिनेमा. लाल प्लिमथ घेऊन निघालेला एक साधा विक्रेता, आणि त्याच्या मागे लागलेला गंजका, धूर ओकणारा टँकर. टँकरचा ड्रायव्हर कोण, त्याचं वैर काय, शेवटपर्यंत कळत नाही. त्याचा चेहराही दिसत नाही, फार तर हात आणि बूट. मी हा सिनेमा वर्षानुवर्षं चेसच्या खात्यात टाकत आलो होतो.

माझे मोठे मामा तीसेक वर्षं ट्रकवर होते. कळमन्याहून संत्रा भरायचा आणि जबलपूर लाइन धरायची. खवासा, कुरई घाट, शिवनी. आता घरीच असतात. त्यांना इंग्रजी येत नाही, पण 'ड्युएल'मध्ये बोलणं आहेच किती, म्हणून लावला. ते खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी जवळ बसले.

एका ठिकाणी टँकरचा ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढतो आणि मागच्या लाल गाडीला खूण करतो : ये, जा पुढे. विक्रेता आपली गाडी बाहेर काढतो आणि समोरून दुसरी गाडी येते. कसाबसा वाचतो.

"थांब, थांब. मागं घे," मामा म्हणाले. मी घेतलं. "यानं हात दाखवला ना त्याले?"

"दाखवला."

"मंग समोरून गाडी कशी आली?"

"मुद्दाम दाखवला, मामा. मारायलाच."

मामा काही वेळ बोललेच नाहीत. मग हळू आवाजात सांगायला लागले. घाटात मागच्याला समोरचं काहीच दिसत नाही. ट्रकवाल्यानं हात दाखवला की मागचा डोळे मिटून गाडी बाहेर काढतो, कारण त्या क्षणी पुढच्याचे डोळेच त्याचे डोळे असतात. रात्री डिपर, दिवसा हात. तीस वर्षांत त्यांनी एकदाही खोटा हात दाखवला नाही, आणि त्यांनाही कुणी दाखवला नाही. "भांडण होते, शिव्या होते, टायरबी फोडते लोकं. पन हात खोटा नाही दाखवत."

त्यानंतर आम्ही उरलेला जो सिनेमा पाहिला त्यात दोन गाड्यांमधलं अंतर मी मोजलंच नाही. मामा प्रत्येक घाटात कुरईचं वळण सांगत होते, कुठे ब्रेक तापतो, कुठे रात्री चहा मिळायचा, कोणता क्लीनर कुठे झोपून गेला. मी टीव्हीकडे बघत होतो, तेही टीव्हीकडेच बघत होते.

शेवटी टँकर कड्यावरून खाली कोसळतो. घसरत, कण्हत, धुळीत. स्फोट मात्र होत नाही. मामा पुढे झुकले.

"रिकामी गाडी होती ना त्याची. पेटलीच नाही."

"असेल."

"मंग काऊन मागं लागला होता तो? रिकामी गाडी घेऊन एवढं डिझेल जाळते काय कोनी? भाडं कोन देते त्याले?"