मोबाइलवरील सूक्ष्म-अध्ययन

नोकरदारांचे आणि कामगारांचे प्रशिक्षण काही मिनिटांच्या तुकड्यांत मोडून, त्यांच्या हातातल्या मोबाइलवरून, रोजच्या कामाच्या ओघातच देण्याची पद्धत. एका तुकड्यात एकच गोष्ट सांगायची, लगेच तिच्यावर प्रश्न विचारायचा आणि काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा समोर आणायचा, हा तिचा गाभा. कंपन्यांमध्ये ती ‘मायक्रोलर्निंग’ याच नावाने चालते. बी.एड.ला शिकवतात ते ‘सूक्ष्म अध्यापन’ वेगळे. ते १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात, होऊ घातलेल्या शिक्षकांच्या सरावासाठी आकाराला आले. नावे जवळची असल्याने दोन्हींची गल्लत होते.

पद्धत नवी असली तरी तिचा पाया जुना आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून, ते किती वेगाने विसरले जातात हे मोजले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. पाठ केलेले पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्याचे माप होते. ही बचत तासाभरात निम्म्याखाली आली, दुसऱ्या दिवशी साधारण एकतृतीयांश उरली आणि महिन्याने एकपंचमांशाच्या आसपास. दिवसभर सभागृहात बसवून, जेवण देऊन, हजेरीपटावर सह्या घेऊन केलेल्या प्रशिक्षणाचे पुढे काय होत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. उतारा दोनदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. पण आठवड्याने, एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले: त्यांना ५६ टक्के मजकूर आठवला, नुसते वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणून या पद्धतीत खरे काम प्रश्नाचे आहे. तासाभराच्या व्याख्यानाची चित्रफीत कापून तिचे बारा तुकडे ॲपवर चढवले, तर ते सूक्ष्म-अध्ययन होत नाही. व्याख्यान तेच राहते.

चांगला तुकडा कसा असतो? कारखान्यात पाळी सुरू होताना ऑपरेटरच्या फोनवर एक फोटो येतो. यंत्रात मालाचा तुकडा अडकला आहे, यंत्र थांबलेले दिसते आहे. प्रश्न एवढाच: हात घालण्याआधी काय कराल? पर्याय तीन: थांबवायचे बटण दाबून तुकडा काढणे, सहकाऱ्याला बटणाजवळ उभे करणे, मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप व नावाची पट्टी लावणे. पहिला पर्याय निवडला तर दहा सेकंदांत कळते की बटणाने यंत्र थांबते, वीज तुटत नाही, आणि दुसरा कोणी ते सुरू करू शकतो. चार दिवसांनी तीच गोष्ट दुसऱ्या यंत्राच्या फोटोसह परत येते. उत्तर देणाऱ्याला हा प्रश्न आपल्याच कामातला वाटतो, म्हणून तो उघडला जातो. गुण, पदके आणि क्रमवारी यांनी सुरुवातीला उत्साह येतो, पण कामाशी नाते नसेल तर तो ओसरतो.

भारतातले सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण स्मार्टफोनचे नाही, साध्या बटणांच्या फोनचे आहे. बीबीसी मीडिया ॲक्शन या बीबीसीच्या धर्मादाय संस्थेने २०१२ मध्ये बिहारमध्ये आशा कार्यकर्त्यांसाठी ‘मोबाइल अकादमी’ सुरू केली; जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती हाती घेऊन इतर राज्यांकडे नेली. इंटरनेट लागत नाही. आशाताई नंबर फिरवतात, पलीकडून डॉ. अनिता या पात्राचा आवाज बोलतो आणि धडा ऐकून बटण दाबून उत्तर देता येते. राष्ट्रीय अभ्यासक्रम २४० मिनिटांचा: ११ प्रकरणे, प्रत्येकात चार धडे, शेवटी प्रश्न. फोन मध्येच ठेवावा लागला तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू होते. चुलीवर भाकरी असताना किंवा उपकेंद्राच्या वाटेवर शिकणाऱ्या बाईसाठी ही सोय फार मोलाची आहे. याच्या जोडीला ‘मोबाइल कुंजी’ होती: कडीत ओवलेली ४० चित्रकार्डे, प्रत्येकावर एक क्रमांक. गरोदर सुनेसमोर आणि तिच्या सासूसमोर कार्ड धरून आशाताई तो क्रमांक फिरवीत आणि डॉक्टरांचा आवाज घरात सगळ्यांना ऐकवीत. शिकणे आणि काम इथे एकाच क्षणी होत होते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला आणि चित्रफितींचे धडे सर्वदूर पोचू लागले. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘मिशन कर्मयोगी’ या प्रशिक्षण कार्यक्रमाला मंजुरी दिली; त्याचे आयगॉट हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ मोबाइल ॲपवरही आहे.

साधन आणि भाषा यांची हेळसांड झाली की मात्र सगळे अडते. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन आंदोलन करून परत केले. फोन तापतात, अडकतात, पोषण ट्रॅकर हे ॲप मराठीत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ते ॲप नोंदींसाठी होते, शिक्षणासाठी नव्हे. पण फोनवरून कर्मचाऱ्यांपर्यंत पोचू पाहणाऱ्या प्रत्येकाने त्या तक्रारी वाचायला हव्यात. प्रमाण भाषेतले धडेही पुरत नाहीत. यंत्राच्या भागाला दुकानात आणि शॉप फ्लोअरवर जे म्हणतात, तोच शब्द धड्यात हवा.

दुसरा प्रश्न वेळेचा. ‘फक्त पाच मिनिटे’ म्हणत हे शिक्षण घरी, रात्री, स्वतःच्या डेटावर ढकलले जाते. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काची तरतूद १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी अशा हक्काचे खासगी विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले. प्रशिक्षण हे काम आहे, त्याची मिनिटे पाळीतच मोजली पाहिजेत.

या पद्धतीने नियम, क्रम, धोक्याच्या खुणा, नव्या उत्पादनाची माहिती चांगली शिकवता येते. वेल्डिंगचा सांधा, सुईची पकड, चिडलेल्या ग्राहकाशी बोलणे यांसाठी शेजारी उभा असलेला जाणकार माणूस लागतो. फोनवरचा धडा तिथे आदल्या दिवशीची तयारी आणि नंतरची उजळणी एवढेच काम करतो.