जड सुरी म्हणजे मजबूत सुरी?

प्रबळमाचीला तंबू टाकायला निघालेल्या ग्रुपमध्ये पनवेल स्टेशनवर एकजण तरी हमखास सांगतो, "सुरी घ्यायची तर वजनदार घे, हलकी मोडते."

वजनाचा इथे फारसा संबंध नाही. सुरी बहुतेक वेळा मोडते ती मुठीजवळ. पात्याचं पोलाद मुठीत किती आतवर गेलंय, आणि शिरताना कोपरा काटकोनी ठेवलाय की गोलाई दिलीय, ते बघा. काटकोनात ताण साठतो, तडा तिथूनच जातो. मुठीतल्या पोलादाला भोकं पाडून वजन कमी केलेलं असलं तरी बिघडत नाही.

स्वीडनच्या 'मोरा' ब्रँडची 'कंपॅनियन' सुरी घ्या: पातं 104 मिमी, जाडी 2.5 मिमी, म्यानासकट सव्वाशे ग्रॅमच्या आत. दोरी कापा, काटक्या तासा, कांदा चिरा. उलट 5 मिमी जाड पात्याने टोमॅटो चिरायला जा, तो फुटतो. (आमच्या भेळेत तसाच पडला होता.) लाकूड फोडायला कोयता आहेच की.

'स्टेनलेस गंजत नाही' हेही अर्धंच खरं. वाशीच्या दमट हवेत, ओल्या चामडी म्यानात पावसाळाभर ठेवलीत तर तिच्यावरही तांबूस ठिपके येतात. पुसून, म्यानाबाहेर ठेवा.