अश्रुधुराचं नळकांडं येतं कुठून?

घरात कोणी लाल मिरच्या भाजायला घेतल्या की काय होतं ते सांगायला नको. आधी गॅसजवळचा माणूस ठसकतो, मग हॉलमधले, मग शेजारच्या काकू खिडकीतून विचारतात, "काय गं, मसाला करतेयस का?" मिरची कोणी खाल्लेली नसते, तिला हातसुद्धा लावलेला नसतो. फक्त तिच्यातलं कॅप्सेसिन धुराबरोबर हवेत गेलेलं असतं आणि ते नाकातल्या-घशातल्या मज्जातंतूंना जाऊन सांगतं की इथे आग लागलीय. आग नसते, पण शरीर तो निरोप खराच मानतं, आणि मग डोळ्यात पाणी, नाकात पाणी, खोकला, सगळं एकदम सुरू होतं.

अश्रुधुराचं शास्त्र हेच. मज्जातंतूंच्या टोकांवर प्रथिनांची बारीक बारीक दारं असतात. त्यातलं एक, टीआरपीव्ही१ नावाचं, जास्त उष्णतेनं उघडतं आणि कॅप्सेसिननेही उघडतं, म्हणून मिरची "जाळते" (हे दार शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं). दुसरं टीआरपीए१. मोहरीचा झणका नाकात जातो किंवा कांदा चिरताना डोळे भरून येतात तेव्हा हे दार उघडलेलं असतं. मिरचीचा स्प्रे पहिल्या दारातून काम करतो, आणि जगभर पोलीस सगळ्यात जास्त वापरतात तो 'सीएस' नावाचा अश्रुधूर दुसऱ्या दारातून, फक्त कांद्याच्या कितीतरी पट जोरात. अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजात १९२८ साली बेन कॉर्सन आणि रॉजर स्टॉटन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तो पहिल्यांदा बनवला, त्यांच्याच आडनावांच्या आद्याक्षरांवरून सीएस.

आता शब्दाची गंमत बघा, इंग्रजीत म्हणतात टिअर गॅस आणि आपण म्हणतो अश्रुधूर, आणि इथे आपला शब्द बरोबर आहे. सीएस हा वायू नाहीच. साध्या तापमानाला ती पांढरी पूड असते, साधारण ९३ ते ९५ डिग्रीला वितळते. नळकांड्यात ही पूड एका जळणाऱ्या मिश्रणात कालवलेली असते, मिश्रण पेटलं की पुडीची वाफ होते, आणि बाहेरच्या हवेत आली की ती गार होऊन तिचे अतिशय बारीक कण बनतात. म्हणजे आपल्याला जो ढग दिसतो तो कणांचा. वायू असता तर वाऱ्यानं निघून गेला असता, कण मात्र बसतात. कपड्यांवर, केसांत, पडद्यांवर, अंगणात वाळत घातलेल्या धान्यावर, आणि दुसऱ्या दिवशी कोणी झाडू मारला की पुन्हा उठतात.

म्हणूनच मोकळं मैदान आणि बंद खोली यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक साधा हिशोब करून बघू. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट, म्हणजे आतली हवा झाली सुमारे ३४ घनमीटर. समजा नळकांड्यातून २० ग्रॅम सीएस बाहेर पडला आणि खिडकी-दार बंद आहे. तर दर घनमीटरला जवळपास ५९० मिलिग्रॅम. आणि कामगारांच्या सुरक्षेसाठी अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेनं जीवाला किंवा तब्येतीला तात्काळ धोका मानलेली पातळी आहे दर घनमीटरला २ मिलिग्रॅम. म्हणजे जवळपास तीनशे पट! हे नुसतं कागदावरचं गणित नाहीये. १८ ऑगस्ट २०१३ ला इजिप्तमध्ये अबू झाबल तुरुंगाच्या आवारात कैद्यांनी खच्चून भरलेल्या पोलीस गाडीत अश्रुधूर सोडला गेला, ३७ माणसं मेली. गाडीचं दार बंद होतं.

दुसरा धोका रसायनाचा नाही, वजनाचा आहे. क्रिकेटचा लेदर बॉल साधारण १६० ग्रॅमचा, ताशी १४० किमीने आला तर बॅट्समन हेल्मेट घालून उभा असतो. आता त्याच वजनाचं धातूचं नळकांडं दुप्पट वेगानं येतंय असं समजा. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि समोरच्याच्या डोक्यावर ना हेल्मेट ना काही. नळकांडं वरच्या दिशेनं तिरपं मारायचं असतं, माणसावर नेम धरून नाही, संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांचाही सूर हाच आहे. तरी सरळ मारलं जातं. रबरी गोळ्यांचंही तेच. १९७० साली ब्रिटिश लष्करानं उत्तर आयर्लंडमध्ये त्या पहिल्यांदा वापरल्या, तेव्हापासून "जीवघेण्या नाहीत" अशीच त्यांची ओळख करून दिली जाते. २०१७ साली रबरी-प्लास्टिक गोळ्यांनी जखमी झालेल्यांवरचे जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासले गेले: १,९८४ जखमींपैकी ५३ जणांचा मृत्यू आणि ३०० जणांना कायमचं अपंगत्व, त्यात डोळा गेलेले खूप. अर्थात हे दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचे आकडे आहेत, पण जीवघेण्या नाहीत म्हणणं तरी यानंतर कसं जमावं?

आता हे नळकांडं येतं कुठून हा मुद्दा. मला यात सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते ती दक्षिण कोरियाची गोष्ट, कारण अश्रुधुराच्या नळकांड्यानं या देशाचा इतिहास दोनदा बदललाय.

१९६० च्या मार्चमध्ये मासान शहरात निवडणुकीतल्या घोटाळ्याविरुद्ध निदर्शनं झाली, त्यात किम जू-योल नावाचा शाळकरी मुलगा बेपत्ता झाला. ११ एप्रिलला त्याचा मृतदेह बंदराच्या पाण्यात सापडला, डोळ्यात अश्रुधुराचं नळकांडं घुसलेलं होतं. देश पेटला, आणि महिना संपायच्या आत राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांना पायउतार व्हावं लागलं. मग १९८७. लष्करशाहीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर होते, ९ जूनला सोलच्या योन्से विद्यापीठाच्या गेटसमोर ली हान-योल या विद्यार्थ्याच्या डोक्याला मागून नळकांडं लागलं. मित्राने त्याला काखेत धरून उभं ठेवलंय, मान कलंडलीय, चेहऱ्यावर रक्त, हा फोटो जगभर गेला. लाखो लोक बाहेर पडले आणि २९ जूनला सरकारला थेट निवडणूक मान्य करावी लागली. ली हान-योल ५ जुलैला गेला. त्या दिवशी त्याच्या पायात असलेला एक बूट सोलमधल्या त्याच्या स्मृती संग्रहालयात आजही आहे. वर्षं गेली तसा बुटाचा तळ भुसभुशीत होऊन त्याचे तुकडे पडायला लागले, तेव्हा २०१५ साली जुन्या कलाकृती दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडून तो तुकडा तुकडा जोडून घेतला.

पुढे १९९० च्या दशकाच्या शेवटी कोरियन पोलिसांनी आपल्या रस्त्यांवर अश्रुधूर वापरणं थांबवलं. पण वापर थांबला म्हणून कारखाना थांबत नाही ना! माल बाहेर जायला लागला.

फेब्रुवारी २०११ मध्ये बहारीनमध्ये लोकशाहीसाठी आंदोलन सुरू झालं. तिथल्या गल्ल्यांतून, घरांच्या अंगणातून, कधी खिडकीतून थेट घरात नळकांडी मारली जात होती, फिजिशियन्स फॉर ह्युमन राइट्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१२ साली याची तपशिलात नोंद केली. वरचा खोलीचा हिशोब आठवा. लोक रिकामी नळकांडी गोळा करून त्यावरचं लिखाण बघायला लागले, तर त्यात दक्षिण कोरियाच्या देक्वांग केमिकल या कंपनीचा माल निघाला. २०११ आणि २०१२ मध्ये मिळून सुमारे १५ लाख नळकांडी कोरियातून बहारीनला गेली होती. आणि मग २०१३ मध्ये बहारीनच्या गृहखात्याचं एक टेंडर फुटून बाहेर आलं, त्यात आणखी १६ लाख नळकांड्यांची मागणी होती. त्या वेळी बहारीनची लोकसंख्या किती, तर बाहेरून आलेले कामगार धरून १२-१३ लाख (आणि या कामगारांत आपले भारतीय प्रचंड आहेत). म्हणजे तान्ही बाळं, म्हातारी माणसं, सगळ्यांना एक एक वाटून वर उरतील इतकी.

बहारीन वॉच नावाच्या कार्यकर्त्यांच्या छोट्या गटानं हे टेंडर जगासमोर ठेवलं आणि शिपमेंट थांबवा अशी मोहीम उघडली, कोरियातल्या कामगार संघटना त्यात उतरल्या, सोलमध्ये निदर्शनं झाली, अधिकाऱ्यांच्या मेलबॉक्स भरून गेल्या. जानेवारी २०१४ मध्ये कोरियाच्या संरक्षण खरेदी विभागानं परवानगी नाकारली. बहारीनमधली अस्थिर परिस्थिती, झालेले मृत्यू आणि मानवाधिकार संघटनांच्या तक्रारी ही कारणं दिली. मला यातलं हे महत्त्वाचं वाटतं की कुठला आंतरराष्ट्रीय कायदा मधे आला नव्हता, एका देशातल्या एका खात्याची सही अडली आणि माल अडला.

कायदा मधे का नाही आला? तर इथे खरोखर मोठं भगदाड आहे. रासायनिक अस्त्रबंदी करार १९९७ पासून लागू आहे आणि त्यानुसार युद्धात सैनिकांवर अश्रुधूर वापरायला बंदी आहे, कारण रणांगणावर समोरच्याला कळणार नाही हा अश्रुधूर आहे की जीवघेणं विष, आणि तो उलट विष सोडेल. पहिल्या महायुद्धाचा अनुभवही तसाच, १९१४ मध्ये फ्रेंचांनी डोळे झोंबवणारे बॉम्ब फेकले आणि १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी क्लोरीन सोडला. पण त्याच करारात देशांतर्गत दंगल आवरायला हीच रसायनं चालतील असं कलम आहे. म्हणजे शत्रूच्या सैनिकावर चालत नाही ते स्वतःच्या नागरिकावर चालतं. शस्त्रव्यापार करार डिसेंबर २०१४ पासून लागू झाला, त्यात रणगाडे आहेत, विमानं आहेत, बंदुका आहेत, अश्रुधूर नाही. युरोपियन युनियननं २००५ साली छळासाठी वापरल्या जाणाऱ्या मालाच्या व्यापारावर नियम केले, ते चांगले आहेत पण युरोपपुरते. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी विशेष प्रतिवेदक (म्हणजे नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञ) ॲलिस एडवर्ड्स यांनी महासभेपुढे अहवाल ठेवला, कुठल्या वस्तूंचा व्यापार पूर्ण बंद करायचा आणि कुठल्यावर नियंत्रण ठेवायचं याच्या याद्या दिल्या, त्यावर जागतिक करार मात्र अजून व्हायचाय.

आणि एकट्या देशानं थांबवून किती थांबतं हे हाँगकाँगला दिसलं. जून २०१९ मध्ये ब्रिटननं हाँगकाँग पोलिसांना गर्दी पांगवायची साधनं विकायचे नवे परवाने थांबवले, आणि काही महिन्यांत रस्त्यावर चिनी बनावटीची नळकांडी पडायला लागली. कोरियाचा निर्णय त्यामुळे वाया गेला असं मी म्हणणार नाही, पण एका दुकानानं शटर ओढलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं.

आपण भारतीय यात नुसते बघे नाही. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं टिअर स्मोक युनिट १९७६ पासून आहे, देशभरातल्या पोलिसांना नळकांडी तिथून जातात, काही माल परदेशातही जातो. ड्रोनवरून नळकांडी टाकायची यंत्रणाही तिथेच तयार झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधूर पडला, तेव्हा पोरांनी पतंग उडवून मांज्यात ड्रोन अडकवायचा प्रयत्न केला आणि बाकीच्यांनी नळकांड्यांवर ओली पोती टाकली. आणि आपल्याकडे जालन्यात, अंतरवाली सराटीला १ सप्टेंबर २०२३ ला लाठीमार झाला आणि अश्रुधूरही सोडला गेला, त्यातून राज्याचं राजकारण कसं ढवळलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

कधी चुकून अशा ढगात सापडलात तर डोळे चोळू नका, कण अजून आत जातात. वारा जिकडून येतोय त्या बाजूला आणि उंचावर निघा, ढग हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसतो. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी काढा. मग भरपूर साधं पाणी. पाण्यात सीएस मोडतो, पण लगेच नाही, साध्या पाण्यात निम्मा मोडायलाच पंधराएक मिनिटं जातात, म्हणून पाण्याचे दोन हबके मारून भागत नाही. कपडे बाहेरच काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, घरच्या कपड्यांत टाकू नका. दमा असलेला माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल आणि श्वास लागत असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि नळकांडं पायाशी पडलं असेल तर हात लावू नका, ते तापलेलं असतं. गार झाल्यावर, सुरक्षित असेल तर, त्याच्या अंगावर जे छापलंय त्याचा फोटो काढा. कंपनीचं नाव, मॉडेल नंबर, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधी कधी वापराची मुदत. २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकात लोकांनी "मेड इन यूएसए" लिहिलेली नळकांडी कॅमेऱ्यासमोर धरली होती, आणि बहारीनचा धागा कोरियापर्यंत पोचला तोही असाच, रिकाम्या डब्यावरच्या दोन ओळींवरून.