डीव्हीडी रायटरमधला लाल लेझर डायोड: जोडण्याआधी हे वाचा

आमच्याकडचे डायोड बंद पडलेल्या डीव्हीडी रायटरमधून काढून, तपासून दिलेले असतात. पायांना गुंडाळलेली तांब्याची बारीक तार सोल्डरिंग पूर्ण होईपर्यंत काढू नका. अंगावरच्या स्थिर विजेनेही हा डायोड जातो.

"अडीच व्होल्टच लागतात ना, मग दोन सेल लावले तर?" असं बरेच ग्राहक विचारतात. कृपया लावू नका. डायोड तापला की त्यावरचा व्होल्टेज उतरतो, करंट चढतो, तो आणखी तापतो. चिपच्या ज्या कडेतून किरण निघतो ती क्षणात जळते. मग डायोड एलईडीसारखा मंद लाल दिसतो, करंटही घेतो, पण किरण येत नाही. असा डायोड दुरुस्त होत नाही.

म्हणून करंट बांधून द्यायचा. सोबतच्या ड्रायव्हरमध्ये (डायोडला करंट पुरवणाऱ्या सर्किटमध्ये) एलएम३१७ ही रेग्युलेटर आयसी आहे. १.२५ व्होल्ट भागिले रेझिस्टन्स, इतका त्याचा करंट: १० ओहमला १२५ मिलीअँपिअर. सुरुवातीला एवढा पुरे. (डीव्हीडी रायटर नसलेल्या, फक्त वाचणाऱ्या ड्राइव्हचा डायोड मात्र एवढ्यात मरेल.) सप्लाय ९ व्होल्टचा ठेवा, ५ व्होल्टवर हे सर्किट नीट चालत नाही.

लेझर जोडण्याआधी त्याच्या जागी १एन४००१ चे चार साधे डायोड आणि १ ओहमचा रेझिस्टर एका ओळीत लावा. रेझिस्टरवर मीटरने जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलीअँपिअर. १२५ च्या जवळपास आकडा आला की सप्लाय बंद करा आणि आउटपुटचा कपॅसिटर शॉर्ट करून रिकामा करा. ही पायरी घाईत राहून जाते, आणि साठलेला चार्ज नवा डायोड एका झटक्यात घेऊन जातो. चालू सर्किटमध्ये लेझर कधीच जोडू-काढू नका.

डायोड लेन्ससह धातूच्या हाउसिंगमध्येच बसवा, नुसता चालवू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. हा खेळण्यातला पॉइंटर नव्हे. तो ५ मिलीवॅटच्या आत असतो, हा त्याच्या कितीतरी पट. पापणी लवेपर्यंत डोळ्याच्या पडद्याला इजा झालेली असते. आरसा, स्टीलचं भांडं, घड्याळाची काच यांवरून परतलेला किरणही तितकाच वाईट. ६५० नॅनोमीटरसाठीचा चष्मा घ्या, साधा गॉगल चालत नाही. त्याच ड्राइव्हमधला सीडीचा ७८० नॅनोमीटरचा डायोड आम्ही विकत नाही, कारण त्याचा प्रकाश जवळजवळ दिसतच नाही आणि माणूस बेसावध राहतो. मुलं करत असतील तर मोठ्यांनी शेजारी बसावं.

शंका असेल तर डायोड न जोडता ड्रायव्हर दुकानात घेऊन या. करंट लावून देतो, त्याचे पैसे घेत नाही.