रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत? मग आधी सेवापुस्तक उघडा

आमच्या ऑफिसात माझ्याकडे लेखा पण आहे अन् आस्थापना पण, म्हणजे पगाराचं बिल ट्रेझरीत पाठवायचं ते मी आणि कोणाची पेन्शन केस अडकली तर शिव्या खायच्या त्याही मीच. दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी टेबलासमोर खुर्ची ओढून बसतं, "साहेब, माझे पेन्शन पेपर कधी पाठवून राहिले?" मी उलट विचारतो, भाऊ, स्वतःचं सेवापुस्तक, म्हणजे नोकरीच्या सगळ्या नोंदींचं पुस्तक, शेवटचं कधी पाहिलं? तर उत्तर ठरलेलं, जॉईन झालो तेव्हा पहिल्या पानावर अंगठे अन् सह्या केल्या होत्या, त्यानंतर नाही. सगळी गोम तिथंच आहे. तेच तेच दहा जणांना सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. हे राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे बरं का, सेंट्रलवाल्यांचे नियम वेगळे आणि झेडपी, महापालिकावाल्यांची केस महालेखापालांकडे (राज्याचे हिशोब आणि पेन्शन बघणारं कार्यालय) जातच नाही, त्यामुळं त्यांनी आपापल्या वित्त विभागात विचारावं.

आधी पात्रता. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी सेवेत लागले असाल तर तुम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू, म्हणजे ज्याला सगळे जुनी पेन्शन म्हणतात ती. त्यानंतर लागलेले एनपीएसमध्ये (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत), पण ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली होती आणि ऑर्डर नंतर मिळाली त्यांना २ फेब्रुवारी २०२४ च्या जीआरनं (शासन निर्णयानं) जुनी पेन्शन घ्यायचा एकदाच विकल्प दिला होता. तो विकल्प दिला असेल तर मंजुरीचा आदेश सेवापुस्तकात लागलाय का ते आजच बघा, नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ असून भागत नाही. किमान १० वर्षं अर्हताकारी सेवा (पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा) झाली असेल तर महिन्याची पेन्शन बसते, त्यापेक्षा कमी असेल तर एकरकमी उपदानावर (ग्रॅच्युइटीवर) विषय संपतो. वय ५८, गट-ड ला ६०, आणि ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर. फक्त १ तारखेचा जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच घरी. शाळेत टाकताना मास्तरांनी १ जून, १ जुलै अशी जन्मतारीख लिहून दिलेले आपल्याकडं लई आहेत, त्यांनी हे आधीच हिशोबात धरावं.

एनपीएसवाल्यांचं पैसे काढायचं प्रकरण प्राण नंबरवरून (एनपीएस खात्याच्या नंबरवरून) चालतं, तो वेगळा विषय आहे. पण ३१ मार्च २०२३ च्या जीआरनं त्यांनाही उपदान लागू झालंय, तेव्हा सेवापुस्तक आपल्या काय कामाचं असं त्यांनीही समजू नये.

आता केस फिरते कशी ते सांगतो. ऑफिसातून सेवापुस्तक जातं वेतन पडताळणी पथकाकडे, तिथून शिक्का मारून परत येतं, मग पेन्शनचा प्रस्ताव जातो नागपूरच्या महालेखापाल कार्यालय क्रमांक २ कडे (विदर्भ आणि मराठवाड्याच्या केसेस नागपूरलाच येतात, बाकी महाराष्ट्राच्या मुंबईला), तिथून आदेश निघाले की ट्रेझरी. हे सगळं इथं नागपूरच्या सिव्हिल लाईन्समध्येच आहे, माणूस एका दुपारी चहा पीत पीत सगळीकडं हिंडून येईल, फाईलला मात्र महिने लागतात. त्यामुळं नियमातच दोन वर्षं आधी तयारीला लागा असं सांगितलंय. दर १ जानेवारी आणि १ जुलैला रिटायर होणाऱ्यांची यादी काढायची असते, त्या यादीत आपलं नाव आहे का हे आस्थापनावाल्याला विचारायला लाजू नका. प्रस्ताव महालेखापालांकडे सहा महिने आधी पोचला पाहिजे.

सेवापुस्तकात काय बघायचं? माझ्या टेबलावरून परत आलेल्या केसेसचं म्हणाल तर महालेखापालांनी उगाच अडवलं असं फार कमी वेळा झालं, बहुतेक वेळा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं कोणतं तरी पान कोरं निघालं. सगळ्यात आधी सेवा पडताळणीची नोंद. दरवर्षी पगारपत्रकावरून सेवा पडताळली अशी एक ओळ आणि कार्यालयप्रमुखाची सही लागते, आणि बदली झाली की नेमका तो तुकडा राहून जातो. आमच्याकडं एक वाहनचालक भाऊ होते, गडचिरोलीकडून बदलून आलेले, त्यांच्या आठ महिन्यांच्या सेवेची नोंदच नव्हती आणि तोवर ते जुनं ऑफिस दुसऱ्यात विलीन झालेलं, मग रेकॉर्ड रूममधून जुनी पगारपत्रकं शोधा, व्हाउचर नंबर काढा, पत्रं लिहा, स्मरणपत्रं लिहा, असं करता करता चार महिने गेले. चूक त्यांची काहीच नव्हती आणि रजेवर येऊन धुळीत गठ्ठे सोडायला मात्र तेच बसले होते.

मग वेतननिश्चिती. १९९६, २००६, २०१६ अशा प्रत्येक वेतन आयोगाच्या वेळची निश्चितीची शीट चिकटवलेली पाहिजे, विकल्प पाहिजे, पदोन्नती आणि आश्वासित प्रगती योजनेचे (पदोन्नती न मिळाल्यास वरची वेतनश्रेणी देणाऱ्या) आदेश पाहिजेत. पथक हेच तपासतं. कुठं एक वेतनवाढ जास्त लागलेली सापडली की आक्षेप येतो आणि अतिप्रदान (जादा दिलेल्या पैशांच्या) वसुलीचा आकडा निघतो. इथं लोक घाबरून लगेच भरून टाकतात. सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह निकाल आहे, त्यात गट-क, गट-ड कडून आणि वर्षभरात रिटायर होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये असं म्हटलंय, पण वेतननिश्चितीच्या वेळी "जादा दिलं गेलं तर परत करीन" असं वचनपत्र सही करून दिलं असेल तर त्यावर बोट ठेवलं जातं, २०१६ मध्ये त्यावर वेगळा निकाल पण आलाय. तेव्हा आपण कशावर सही केली होती ते आधी बघा, मग भांडा.

बाकी बारीक गोष्टी भराभर सांगतो. जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, खाडाखोड नसलेली. मराठी-हिंदी भाषा परीक्षा पास किंवा सूट मिळाल्याची नोंद, संगणक परीक्षेची नोंद, स्थायित्वाचा (नोकरीत कायम केल्याचा) आदेश, राखीव जागेवर असाल तर जात वैधता प्रमाणपत्राची नोंद. रजेचा हिशोब पूर्ण, असाधारण (बिनपगारी) रजा असेल तर मेडिकलवर होती की नाही हे स्पष्ट. मार्च २०२३ च्या संपात असाल तर ते दिवस कसे धरले त्याची नोंद.

कागद असे लागतात. नवराबायकोचा जॉइंट फोटो (वेगवेगळे काढून जोडलेले चालत नाहीत, तरी दरवेळी कोणीतरी आणतंच), नमुना सह्या, ओळखीच्या खुणा आणि उंची, रिटायर झाल्यावर राहायचा पत्ता, पॅन, आधार, बँक पासबुकाची प्रत, कुटुंबाचा तपशील आणि नामनिर्देशनं. कुटुंबाच्या तपशिलात सगळ्या मुलांच्या जन्मतारखा टाका, लग्न झालेल्या मुलीचं नाव पण टाका, दिव्यांग मूल असेल तर ते ठळक लिहा कारण त्याला पुढं कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. नावाचं म्हणाल तर माझ्याच हातून एकदा झालं, सेवापुस्तकात बायकोचं घरी हाक मारायचं नाव, आधारवर पूर्ण नाव, मी न बघता प्रस्ताव पाठवला आणि केस परत आली. तेव्हापासून मी आधार आणि सेवापुस्तक शेजारी ठेवून एकेक अक्षर लावून बघतो. नामनिर्देशनाचंही तसंच, उपदानाचं वेगळं, जीपीएफचं (भविष्य निर्वाह निधीचं) वेगळं, गट विम्याचं वेगळं, आणि लग्नाआधी आईच्या नावानं केलेलं तीस वर्षं तसंच पडलेलं असतं.

ऑफिसच्या बाजूनं ना-देय (काही देणं बाकी नाही) आणि ना-चौकशी (चौकशी चालू नाही) प्रमाणपत्र लागतं. घरबांधणी अग्रिम, गाडीचं किंवा संगणकाचं अग्रिम घेतलं असेल तर मुद्दल फिटलं तरी व्याज फिटलं का ते बघा, लोक तिथंच फसतात. रविनगरसारख्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून गेले असाल तर तिथला ना-देय दाखला आधीच घेऊन ठेवा, अगदी पंधरा वर्षांपूर्वी सोडलेलं असलं तरी. विभागीय चौकशी चालू असेल तर तात्पुरती पेन्शन मिळते आणि उपदान चौकशी संपेपर्यंत थांबतं.

प्रस्ताव ऑनलाइन भरायचा तो निवृत्तिवेतनवाहिनीत, सेवार्थमधला (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला) डेटा तिथं येतो, त्यामुळं सेवार्थमध्ये जन्मतारीख किंवा रुजू तारीख चुकलेली असेल तर तीच चूक पुढं जाते.

पैशाचं थोडक्यात. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन. समजा मूळ ६०,००० असेल तर ३०,०००. त्यातला ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकता येतो, त्याला अंशराशीकरण म्हणतात, म्हणजे १२,००० विकले तर एकदम साधारण १२ लाख हातात आणि महिन्याला १८,००० अधिक महागाई भत्ता, पण तो भत्ता पूर्ण ३०,००० वर मोजतात हे लोकांना माहीतच नसतं. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. अर्ज पेन्शन पेपरसोबतच द्या, वर्ष उलटलं तर मेडिकल बोर्डाची भानगड मागं लागते. घ्यावं की नाही ते घरी बसून ठरवा, शेजारच्या टेबलवाल्यानं घेतलं म्हणून नको. उपदानाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ वरून २० लाख झाली. ३० जूनला रिटायर होत असाल तर १ जुलैची काल्पनिक वेतनवाढ धरून पेन्शन काढायची असते, प्रस्तावात ती धरलीय का विचारा.

अर्जित रजेचं रोखीकरण (जास्तीत जास्त ३०० दिवस) आणि गट विमा, हे दोन पैसे महालेखापालांच्या आदेशावर अवलंबून नाहीत, ऑफिसच बिल करून ट्रेझरीतून काढतं. म्हणजे पेन्शन अडकली म्हणून हे पण अडकलं असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. जीपीएफचं अंतिम प्रदान मात्र महालेखापालांकडून, गट-ड सोडून, आणि त्यासाठी आत्तापासून दरवर्षीची स्लिप काढून मिसिंग क्रेडिट (पगारातून कापलेली पण खात्यात न दिसणारी रक्कम) बघत जा.

एक नागपुरी सल्ला. तुमची केस डिसेंबरात फिरायची असेल तर नोव्हेंबरातच पुढं ढकला. हिवाळी अधिवेशन लागलं की अर्धं ऑफिस लक्षवेधी अन् तारांकित प्रश्नांच्या उत्तरात, साहेब विधानभवनात आणि सहीची फाईल कपाटात.

आदेश निघाले की तीन येतात, पेन्शनचा पीपीओ, उपदानाचा जीपीओ, अंशराशीकरणाचा सीपीओ. ट्रेझरीत ओळख पटवायला स्वतः जावं लागतं, पॅन, आधार, पासबुक आणि तुमची पीपीओची प्रत घेऊन, आणि जाताना बायकोला किंवा नवऱ्याला पण सोबत न्या, पुढं कधी एकट्यानं यायची वेळ आली तर खिडकी तरी माहीत असते. त्यानंतर दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला, बँकेत सही करून किंवा मोबाईलवर जीवन प्रमाण काढून. पीपीओ हातात आला की तिथंच उभं राहून कुटुंब निवृत्तिवेतनाच्या रकान्यातलं नाव वाचा. घरी नेऊन लॅमिनेट करू नका, त्यावर पुढं नोंदी करायच्या असतात.