जुनं काय, वाडा की विहीर?

‘जुन्या वाड्यातली विहीर’ आणि ‘जुनी वाड्यातली विहीर’. दोन्ही एकदा मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात वाडा जुना, दुसऱ्यात विहीर जुनी. दुसऱ्या वेळी ‘जुनी’ला लागूनच वाडा आला होता, तरी तो ओलांडून आपण जुनेपणा थेट विहिरीला नेऊन लावला. शाळेत सामान्यरूपाला कंटाळलेल्या माणसालाही हे क्षणात जमतं. कानावर शब्द एका रांगेतच पडतात. कुठला शब्द कुणाचा, याची खूण ‘न्या’ आणि ‘नी’ एवढ्याच फरकात असते. बाकीची जोडणी मेंदूची.

ही जोडणी चालू असताना टिपता येते का? मेंदू-संशोधक नाय डिंग, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला यासाठी फार आवडतो. त्यांनी चिनी भाषेतली चार-चार अक्षरांची वाक्यं घेतली: पहिली दोन अक्षरं मिळून नाम, पुढची दोन मिळून क्रियापद. प्रत्येक अक्षर संगणकाने सुटं तयार केलेलं, बरोबर पाव सेकंदाचं. वाक्य संपलं म्हणून थांबणं नाही, आवाजात चढउतार नाही, नुसती टपटप. ऐकणाऱ्यांच्या मेंदूभोवतीचं अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजलं, तेव्हा सेकंदाला चार ठोके दिसले. ते दिसणारच होते, कारण आवाजातच ते होते. पण सोबत सेकंदाला दोन आणि सेकंदाला एक असे आणखी दोन ठेके सापडले. दोनचा ठेका पदबंधाचा, म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या गटाचा, एकचा वाक्याचा. हे दोन्ही आवाजात कुठेच नव्हते! चिनी न येणाऱ्या इंग्रजी भाषकांना तेच ऐकवलं, तर त्यांच्या मेंदूत फक्त चारचा ठेका उरला.

यावर वाद आहे. त्याच जातीचे शब्द त्याच क्रमाने येत राहिले, तर निव्वळ शब्दांच्या ओळखीतूनही असा ठेका उमटू शकेल, असं काही संशोधकांचं म्हणणं आहे. आक्षेप रास्त आहे. तरी भाषा कळणाऱ्याच्या मेंदूत आवाजापलीकडचं काहीतरी चालू असतं, हे या प्रयोगाने दाखवलंच.

दुसरा मार्ग म्हणजे मुद्दाम चूक करायची आणि डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडवर मेंदूतल्या विजेचं काय उमटतं ते पाहायचं. ‘मुलीने आंबा वाचला’सारखा अर्थाचा घोळ झाला, की साधारण ४०० मिलिसेकंदांनी एक ऋण लाट दिसते, मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिल्यार्ड यांनी ती १९८० साली नोंदवली. ‘मुलीने आंबा खाल्ली’सारखी व्याकरणाची चूक असेल, तर बहुधा ६०० मिलिसेकंदांच्या आसपास एक धन लाट येते. हिंदीतल्या क्रियापदाच्या चुकांवरही २००७ च्या एका अभ्यासात ती मिळाली. वाटणी मात्र इतकी स्वच्छ नाही. ‘मुलीने आंबा खाते’ अशा धर्तीची, ‘ने’ची चूक हिंदीत तपासली, तेव्हा अर्थाची म्हणून ओळखली जाणारी ४०० ची लाटच समोर आली. मला हे स्वाभाविक वाटतं. ‘ने’ ऐकला की आंबा कुणी खाल्ला हे ठरतं, आणि तो अर्थाचाच भाग झाला.

व्याकरणाचा मेंदूत एकच कप्पा आहे, असंही नाही. डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली पॅरिसमध्ये ‘टॅन’ एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू तपासला, तेव्हापासून डाव्या पुढच्या भागातल्या एका पट्ट्याला त्यांचं नाव आहे. पण वाक्य समजताना कानाजवळच्या डाव्या भागाचाही मोठा वाटा असतो. बराच काळ ब्रोका-रुग्णांना, म्हणजे त्या पट्ट्याच्या आसपास इजा होऊन बोलणं अडलेल्यांना, समजतं सगळं, फक्त बोलता येत नाही, असा समज होता. १९७६ मध्ये कारामाझा आणि झुरिफ या संशोधकांनी त्याला छेद दिला. ‘मुलगा जे सफरचंद खातोय ते लाल आहे’ अशा वाक्याशी जुळणारं चित्र हे रुग्ण ओळखत, कारण सफरचंद काही मुलाला खात नाही. पण ‘मुलगी ज्या मुलाचा पाठलाग करतेय तो उंच आहे’ अशा धर्तीचं वाक्य आलं की ते गडबडत. मुलगी, मुलगा, पाठलाग हे शब्द ओळखीचेच. कोण कुणामागे धावतंय, तेवढंच हातून निसटे.